पातेलं ‘भिजत’ ठेवून झोपणाऱ्यांनो

तुमच्या रूमवरच्या सिंकमध्ये आत्ता एखादं पातेलं ‘भिजत’ पडलेलं असणार. पैज लावते. परवाचा भात नाहीतर कालचं दूध. मोबाईलवर मॅच बघता बघता खालून लागलं, वरचं वरचं खाल्लं, उरलेल्यात पाणी ओतलं आणि ‘भिजू दे रात्रभर’ म्हणून लाईट बंद.

‘भिजू दे.’ काय वाक्य आहे बघा! यात घासणाऱ्याचा पत्ताच नाही. पातेलं भिजेल, पाणी काळपट होईल, सकाळ होईल, आणि मग? घरी असाल तर आई. रूमवर असाल तर भांडी घासायला येणाऱ्या मावशी. मावशींची सुट्टी असेल तर रूममधला तो एक बिचारा, ज्याला घाण सहन होत नाही. प्रत्येक रूमवर असा एक असतोच आणि बाकीचे तिघे त्याच्या जिवावर इंजिनिअर होतात.

माझं म्हणणं सरळ आहे. ज्यानं जाळलं त्यानं घासावं. आणि ‘आम्हाला ते जमत नाही ओ’ हे कारण निदान आमच्या शिरोळ तालुक्यातल्या पोरांनी तरी सांगू नये.

का, ते सांगते. नृसिंहवाडीला तुम्ही कधी ना कधी आला असालच. कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचं दर्शन आणि परतताना बासुंदी, पेढे, कवठाची बर्फी. आता ती बासुंदी कशी होते याचा जरा विचार करा. दूध आटवत राहायचं. आटणारं दूध म्हणजे स्वयंपाकातली सगळ्यात बेभरवशाची गोष्ट. पाणी कमी होत जातं, प्रथिनं तळाशी बसायला लागतात, आणि ढवळणारा हात दोन मिनिटं थांबला की खेळ खल्लास. करपट वास एकदा लागला की अख्ख्या कढईला लागतो, मग कितीही वेलदोडा-जायफळ घाला, तो लपत नाही. म्हणून कढईपुढचा माणूस उलथनं तळाला टेकवूनच फिरवत राहतो, कडेला धरलेली साय खरवडून परत दुधात ढकलतो, साखर शेवटी घालतो. मिठाईवाल्यांच्या भट्टीवर कधी डोकावून बघा, त्या कढईपुढं बहुतेक वेळा पुरुष उभा असतो.

गुऱ्हाळाचंही तेच. साखर कारखाने वाढले तशी गुऱ्हाळं कमी झाली, पण ज्यांनी लहानपणी बघितलंय त्यांना चुलवाणावरची ती भली मोठी काहिल आठवत असेल. शेकडो लिटर रस उकळतोय, वर येणारी मळी काढली जातेय, रस साफ व्हायला भेंडीचा चीक घातलाय. शेवटी पाक गुळाला येतो तेव्हा सगळ्यांचे डोळे एकाच माणसाकडं. तो गुळव्या. पाक एखादा क्षण जास्त राहिला, तळाला लागला, की गूळ काळपट. आणि गुळाचा भाव ठरताना रंग पहिल्यांदा बघतात. या माणसाच्या नजरेवर शेतकऱ्याचे पैसे ठरतात, म्हणून त्याला मान असतो.

म्हणजे बघा. तळाला काय चाललंय यावर लक्ष ठेवणं, लागलेलं खरवडणं, भांडं पुढच्या खेपेसाठी तयार ठेवणं ही कामं आमच्याकडं पुरुष पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत. फक्त भांडं मोठं पाहिजे आणि त्याचे पैसे मिळाले पाहिजेत. तेच भांडं लहान झालं, स्वयंपाकघरात आलं, फुकटचं झालं, की ते बायकांचं काम!

मंडळाच्या महाप्रसादाला तर मजाच असते. पाचशे माणसांच्या आमटीचं पातेलं पोरं आत उतरून घासतात, वर त्याचं रील टाकतात, मागं गाणं लावतात. नाद खुळा. त्याच पोराला घरी विचारा, घासणी कुठं ठेवलीय? आईला हाक मारेल.

आमच्या तालुक्यानं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर बघितले. २०१९ मला नीट आठवतो. पाणी ओसरल्यावर घराघरांतली भांडी अंगणात आली होती, सगळ्यांवर गाळाचा थर. त्या वेळी बाई-माणूस कुणी बघत बसलं नाही, जो मोकळा होता तो घासायला बसला. महिन्याभरात सगळं पूर्ववत झालं. भांडीसुद्धा.

हे फक्त आमच्याकडचं नाही हे सांगायला एक आकडा पुरे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ तेव्हा त्यात जात होता. पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष घरकाम करत होते त्यांचं, असे पुरुष शंभरात जेमतेम सव्वीस होते. मी पत्रकारिता शिकते, आकडे बघायची सवय लागलीय, तरी हा आकडा मी दोनदा वाचला.

आता कामाचं. घासायचं म्हटलं तर कसं?

बहुतेकांना वाटतं, जळलेलं भांडं म्हणजे ताकदीचं काम. तारेची घासणी घ्यायची, दंड फुगवायचा आणि सुरू. चूक. हे काम उष्णतेचं आणि थोड्या केमिस्ट्रीचं आहे. हात शेवटी लागतो, तोही जरासाच.

आधी शब्द बघा. आपल्याकडं ‘जळलं’ एवढाच शब्द नाही. खरपूस झालं म्हणजे बरं झालं. खाली लागलं म्हणजे अजून वाचवता येतं. करपलं म्हणजे वास आला. आणि जळलं म्हणजे विषय संपला. तूप कढवल्यावर खाली राहते ती बेरी, ती तर पोरं साखर घालून खातात. म्हणजे तळाला काहीतरी धरणं हे मुळात पाप नाही. भाकरीवरचे तांबूस डाग, परतलेल्या कांद्याचा वास हे सगळं त्याच कुळातलं. लुई कामी मायार या फ्रेंच केमिस्टनं १९१२ मध्ये साखर आणि अमिनो आम्लं तापल्यावर काय होतं ते मांडलं, म्हणून त्या प्रक्रियेला त्याचं नाव पडलं. गडबड त्याच्या पुढच्या टप्प्यावर होते. पाणी पूर्ण उडून जातं आणि तळाला उरतो कोळसा.

कोळसा पाण्यात विरघळत नाही. म्हणून थंड पाण्यात रात्रभर ठेवलेलं पातेलं सकाळी जवळपास तसंच असतं, फक्त वास वाढलेला असतो. पण कोळशाचा थर आणि धातू यांच्या मध्ये अर्धवट जळलेलं, चिकट अन्न असतं. पिठूळ भाग, प्रथिनं, थोडं तेल. ते ढिलं पडलं की वरचा काळा थर पापुद्र्यासारखा सुटतो. आणि ते ढिलं करायला लागतं गरम पाणी आणि अल्कली, म्हणजे घरातला खाण्याचा सोडा.

स्टीलचं पातेलं असेल तर काळा भाग बुडेल एवढं पाणी घाला. लिटरभर पाण्याला दोन चमचे खाण्याचा सोडा. गॅसवर नाहीतर इंडक्शनवर ठेवून दहा-पंधरा मिनिटं उकळू द्या. उकळताना सोड्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा व्हायला लागतो, जो जास्त तीव्र अल्कली असतो. म्हणून नुसता सोडा भुरभुरून ठेवण्यापेक्षा उकळणं कितीतरी पटीनं कामाचं. मग बंद करा, कोमट होऊ द्या, लाकडी उलथन्यानं खरवडा. एकदा सगळं नाही निघालं तर पुन्हा तेच करा. त्या पंधरा मिनिटांत तुम्ही तुमची मॅच बघू शकता, कुणी अडवलं नाही. फक्त पाणी आटू देऊ नका, नाहीतर दुसऱ्यांदा जाळाल.

आजीच्या काळी सोड्याऐवजी चुलीतली राख असायची आणि घासणीऐवजी नारळाची शेंडी. आपण त्याला ‘जुनं’ म्हणतो. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते अल्कलीच. वर राखेचे बारीक कण घासायच्या कामी येतात. म्हणजे तिच्याकडं एका मुठीत दोन्ही होतं.

आता रील्सकडं येऊ. तुम्ही बघितलंच असेल: जळलेल्या भांड्यात सोडा टाकला, वरून व्हिनेगर किंवा लिंबू पिळलं, फसफसून फेस आला, कट, भांडं चकाचक. तो फेस म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना भिडतात आणि एकमेकांना संपवतात. उरतं ते सोडियम अॅसिटेटचं खारट पाणी, ज्याला भांड्याशी काही देणंघेणं नसतं. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण एकावेळी एक. फेस दिसायला भारी दिसतो म्हणून व्ह्यूज येतात, एवढंच. त्या ‘कट’च्या मध्ये कुणीतरी अर्धा तास घासत बसलेलं असतं. ते दाखवत नाहीत.

आणि सोड्यावर एवढं प्रेम करण्याआधी भांडं कशाचं आहे ते बघा. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कुठल्या रीलमध्ये नसतं. तुमच्या रूमवरचा कुकर बहुधा अॅल्युमिनिअमचा. अॅल्युमिनिअमला अल्कली चालत नाही. त्याच्यावर एक पातळ संरक्षक थर असतो, सोडा उकळला की तो थर खाल्ला जातो, भांडं काळं पडतं आणि तुम्हाला वाटतं की अजून जळलेलंच आहे. मग अजून सोडा. अॅल्युमिनिअमला आंबट लागतं. चिंचेचा कोळ, लिंबाच्या पिळलेल्या फोडी, आमसूल, जे असेल ते पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळा. काळपटपणा जातो, लागलेलं सुटतं. आंबट पाणी त्यात रात्रभर मात्र ठेवू नका, त्यानंही धातू झिजतो.

लोखंडी तव्याला भिजवणं म्हणजे गंज. जाडं मीठ टाका, कांद्याच्या नाहीतर लिंबाच्या सालीनं घासा, गरम पाण्यानं धुवा, लगेच गॅसवर कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा. लिंबू वापरलं तर पटकन धुवायचं.

नॉनस्टिकचं काय सांगू. टेफ्लॉनचा शोध १९३८ मध्ये रॉय प्लंकेट नावाच्या केमिस्टला अपघातानं लागला आणि १९५४ मध्ये मार्क ग्रेगवार नावाच्या फ्रेंच माणसानं ते तव्याला चिकटवून दाखवलं. ज्याला काहीच चिकटत नाही ते तव्याला चिकटवणं हीच खरी करामत होती. त्यामुळं तारेच्या घासणीनं ती करामत पुसू नका. कोमट पाणी, साबण, मऊ स्पंज. थर सोलून निघाला असेल तर तो तवा आता घासायचा नाही, टाकायचा.

गावी जुन्या पितळी पातेल्याला आतून कल्हई असते. कल्हई म्हणजे कथिल, ते २३२ अंशांनाच वितळतं. म्हणून असं पातेलं कोरडं तापवायचं नाही आणि आत तार फिरवायची नाही. आतून पितळ दिसायला लागलं तर त्यात आंबट शिजवायचं बंद करायचं आणि कल्हईवाला शोधायचा. नवसागराचा धूर काढत गल्लीत बसणारा तो माणूस तुमच्यापैकी अनेकांनी बघितलासुद्धा नसेल. बाहेरून मात्र पितळेला चिंचेसारखं काही नाही.

एक गोष्ट थट्टेची नाही. जळलेलं निघत नाही म्हणून बाथरूममधलं काहीतरी उचलून भांड्यात ओतू नका. ब्लिच आणि कुठलंही आम्ल, म्हणजे टॉयलेट क्लीनर, व्हिनेगर, लिंबूसुद्धा, एकत्र आलं की क्लोरीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात हाच वायू माणसं मारायला वापरला होता. नळी मोकळी करायच्या पावडरीत कॉस्टिक सोडा असतो, तो अॅल्युमिनिअमला लागला की जोरात तापतो आणि हायड्रोजन सोडतो. सिंकची मोरी साफ करायची वस्तू मोरीपुरतीच ठेवा.

तुम्ही म्हणाल, एवढं करण्यापेक्षा मावशी आहेत की, त्यांना आपण पैसे देतो.

देता ना. महिन्याचे ठरलेले. पण मावशींचं गणित रूमवर चालतं. सकाळी दहाच्या आत चार-पाच रूम उरकायच्या असतात. तुमचं एक जळलेलं पातेलं म्हणजे त्यांची वीस मिनिटं, आणि ती वीस मिनिटं पगारात कुठंच नसतात. ती पुढच्या रूमच्या वेळेतून जातात आणि तिथं उशिरा आल्या म्हणून बोलणी खायला लागतात. आमच्या रूमवर येणाऱ्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत पावसाळाभर चिखल्या असतात. अंगठ्याला नखुरडं झालं तरी साबणाच्या पाण्यात हात घालायला लागतो. तार त्यांच्या बोटात घुसते, तुमच्या नाही. मावशींनी घासू नये असं मी म्हणत नाही, त्यांचा तो रोजगार आहे. रोजची भांडी हे त्यांचं काम. तुम्ही झोप लागून कोळसा केलात, तो तुमचा.

मुलींनाही सांगते, कारण हा लेख फक्त पोरांवर ढकलून मोकळं व्हायचं नाहीये. घरी आपल्याला ‘एवढं पण येत नाही’ म्हणून ओरडून शिकवलेलं असतं, आणि बाहेर पडल्यावर आपण ते सूडासारखं सोडून देतो. रागाचं कारण खरं आहे. पण त्याची परतफेड मावशींकडून कशाला?

आता शेवटचं, म्हणजे मुळात लागतंच का ते. रूमवर आपण स्वस्तात स्वस्त, पातळ तळाचं स्टीलचं पातेलं आणतो. स्टील दिसायला छान, गंजत नाही, पण उष्णता पसरवण्यात ढ. अॅल्युमिनिअमच्या मानानं ते दहा पटींहून जास्त मंद. त्यामुळं इंडक्शनच्या गोलावर जेवढा भाग आहे तेवढाच तापतो, कडा थंड, आणि मधोमध नेमकं गोल काळं चट्ट. कुणाच्याही रूमवरचं पातेलं उलटं करून बघा, गोल असतोच. जाड तळाचं किंवा मध्ये अॅल्युमिनिअमचा थर असलेलं एक भांडं चौघांत मिळून घ्या. दूध तापवण्याआधी पातेलं पाण्यानं विसळून ओलंच ठेवा. पॉवर कमी ठेवा, सारखी कमाल कशाला? भात खालून लागल्याचा वास आला तर ढवळू नका, खरवडू नका, वरचा भात लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, तो वाचतो. आणि रिकाम्या, तापलेल्या पातेल्यात एकदम थंड पाणी ओतू नका, तळ वाकडा होतो आणि मग ते इंडक्शनवर नीट बसतही नाही.

येत्या रविवारी सामान भराल तेव्हा खाण्याचा सोडा, थोडी चिंच आणि एक लाकडी उलथनं घ्या. तारेची घासणी घेतलीच तर ती फक्त स्टीलला, आणि तीसुद्धा सोडा उकळून झाल्यावर.